नदीखालचा जोड

आईनं पाट लावला तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. म्हणजे कडेवर बसायचं वय केव्हाच सरलेलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं.

तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. सगळा चांदाच. माझा जन्मदाता बाप गोंडपिपरीकडच्या एका गावात तलावावर मासे धरायचा. पावसाळ्याच्या शेवटाला त्याला हिवताप भरला आणि दिवाळीच्या आत तो गेला. काकाचं घर शेजारीच होतं, पण त्यानं आमच्याकडे पाठ फिरवली. वर्षभर आईनं धानाच्या बांध्यांमध्ये मजुरी केली. मग मामानं वैनगंगेच्या पलीकडचं एक स्थळ आणलं. वर्धा येऊन वैनगंगेला मिळते आणि पुढे नदीचं नाव प्राणहिता होतं, त्या संगमाच्या जरा वर नवरदेवाचं गाव होतं. माणूस ढीवर, आमच्याच जातीचा. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मूलबाळ नाही. घरी म्हातारी आई आणि एक डोंगा.

विधवेच्या पाटाच्या लग्नाला वाजंत्री नसते. चार माणसं, एक लुगडं, आणि उजाडायच्या आत उरकून टाकायची घाई, जणू काही चोरीच केली. मला ती घाई तेव्हाही आवडली नव्हती. आईनं एक गाठोडं डोक्यावर घेतलं आणि आम्ही त्या माणसाच्या डोंग्यात बसलो. तो वल्हं मारत होता. मी त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. पलीकडचा काठ आला तेव्हा त्यानं डोंगा खडकाला टेकवला, खाली उतरला आणि मला काही न विचारता उचलून खांद्यावर घेतलं. तिथले दगड शेवाळलेले, नवख्याचा पाय ठरत नाही. मी लाथा झाडल्या. त्यानं माझे पाय घट्ट धरून ठेवले आणि तसाच चढ चढून, गावातल्या वाटेनं, लोक बघत असताना मला घरापर्यंत नेलं. आई मागून गाठोडं घेऊन येत होती.

घर कुडाचं. दारात त्याची आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. घरात नवीन माणूस येतं त्याच्या पायांवर पाणी घालतात, तशी ती आईच्या पायांवर घालणार होती. हा म्हणाला, "पोरीच्याई पायावर घाल."

"कडेवरच्या लेकराचे पाय कोनी धुते का?" म्हातारी म्हणाली.

"माह्या घरी पहिल्यांदा येऊन राह्यली थे. घाल."

आणि त्यानं मला उंबरठ्याबाहेर अलगद खाली ठेवलं. म्हातारीनं तोंड वाकडं करून माझ्या पायांवर पाणी ओतलं. मी ओल्या पायांनी आत गेले. सारवलेल्या जमिनीवर माझी पावलं उमटली, ती मी वळून पाहिली होती. त्या दिवसाचं तेवढंच मला बरं वाटलं.

त्या घरात मला रुजायला वेळ लागला. म्हातारी मला 'आलेली' म्हणायची. "त्या आलेलीले बोलाव जेवाले." मी तिला काहीच म्हणत नसे. या नव्या बापाला बाप म्हणायचं नाही हेही ठरवलेलं होतं, त्यामुळे त्याला हाक मारायची वेळ आली की मी जवळ जाऊन उभी राहायची आणि खोकायची. त्याला त्याची मजा वाटायची. "खोकला लागला का व?" असं विचारायचा आणि हातातलं काम खाली ठेवायचा.

हातात बहुतेक जाळं असायचं. फाटलेलं जाळं शिवायला तो मला शिकवायला लागला. भोकाच्या कडेचे कुजलेले फासे आधी कापून टाकायचे, मग नव्या सुतानं एकेक गाठ घालत भोक भरत आणायचं. जुनं सूत मोहाच्या सालीत उकळून तपकिरी झालेलं, नवं पांढरं. ठिगळ लांबूनही दिसायचं. मी विचारलं, हे ठिगळ असं वेगळंच दिसणार का? तो म्हणाला, "दिसंल काई दिवस. पान्यात राहून राहून होते सारखं." मी रोज ते ठिगळ बघायची. पावसाळ्यापर्यंत ते पुष्कळसं सारखं झालं होतं, आणि तोवर म्हातारीही मला नावानं हाक मारायला लागली होती. एकदा मला ताप आला तेव्हा ती रात्रभर माझ्या उशाशी बसली, पण सकाळी पुन्हा तोंड वाकडंच.

दुसऱ्या हिवाळ्यात आईला मुलगी झाली. मोठे कान बापाचे आणि हनुवटी आईची, म्हणजे माझीही. तिला मांडीवर घेऊन म्हातारी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे तं दोघांयचंई झालं." त्या दिवशी मी बापाला पहिल्यांदा बाबा म्हटलं. तो नदीवर निघाला होता. थांबला, पण मागं वळला नाही. मग चालायला लागला.

त्याच हिवाळ्यात खडक तपासणारा एक सरकारी माणूस गावात तंबू टाकून राहिला. हातात लहानसा हातोडा, डोक्यावर टोपी. काठाकाठानं दगड बघत जायचं तर डोंगा लागतो, म्हणून तो बाबाच्या डोंग्यात असायचा, आणि मी पाणी उपसायला मागे बसलेली. माणूस चांगला होता. दगड फोडून आतली चकाकी मला दाखवायचा. खाली सिरोंच्याकडे झाडांचे दगड झालेले आहेत, असं तो म्हणाला. मला ते खोटं वाटलं. आमच्या या गोंडांच्या मुलखावरून एका फार जुन्या, फार मोठ्या खंडाला नाव दिलंय, असंही त्यानं सांगितलं. बाबानं विचारलं, तो खंड आता कुठं आहे?

"तेच तर भांडण आहे," तो हसून म्हणाला. "काही जण म्हणतात तो फुटला आणि त्याचे तुकडे सरकत सरकत दूर गेले. आमच्यातले पुष्कळ लोक त्यांना हसतात."

"जमीन सरकते?" बाबानं वल्हं थांबवलं. "मंग आमी कुठी जाऊन राह्यलो, भाऊ?"

"मलाही माहीत नाही," तो म्हणाला, आणि दोघंही हसले. मीही हसले. त्या डोंग्यात मी सुखी होते.

उन्हाळा लागता लागता काका आला. माझ्या मेलेल्या बापाचा भाऊ. आम्ही उपाशी होतो तेव्हा शेजारच्या घरातून ज्याला आमची चूल दिसत नव्हती, त्याला आता नदीपलीकडची मी बरोबर दिसली. त्याची बायको आजारी पडून अंथरुणाला खिळली होती आणि घरात दोन लहान लेकरं होती. ती सांभाळायला त्याला हाताखाली कुणी तरी हवं होतं. हे त्यानं सांगितलं नाही. त्यानं सांगितलं, "आमच्या भावाचं रगत हाय थे."

जातीच्या पंचांसमोर गोष्ट गेली. आमच्याकडे तेव्हा एक रीत होती. पाट लावलेली बाई लेकरू घेऊन आली, आणि लेकरू कडेवर बसून उंबरठ्याच्या आत आलं, तर ते नव्या घराचं. आपल्या पायांनी चालत आत आलं, तर ते पहिल्या बापाच्या घराचं. मागायला आले की द्यायचं. कुणी ठरवली देव जाणे. बहुधा दूधपितं लेकरू आईपासून तुटू नये म्हणून असेल. चांगल्या हेतूची रीत कशी गळ्याला फास लावते ते मी तेव्हा पाहिलं.

पंच मोहाच्या झाडाखाली बसले. बायका लांब, कुंपणाशी. आईनं धाकटीला छातीशी धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं माझा दंड, इतका घट्ट की तिथं नंतर वळ उठले. बाबानं मला खांद्यावरून आणलं हे अर्ध्या गावानं पाहिलं होतं, म्हणून मला वाटलं यात विचारायचं काय! पण काकानं कुठून तरी पाय धुतल्याची गोष्ट काढली होती. कडेवरच्या लेकराचे पाय धुतात का, असं त्यानं पंचांना विचारलं.

तेव्हा कुंपणापासून म्हातारी ओरडली, "कडेवरच आली आतमंदी! मी दारात होती. माह्या डोळ्यानं पाह्यलं!"

मी थक्क झाले. मला 'आलेली' म्हणणारी ती म्हातारी सगळ्या जातीसमोर धडधडीत खोटं बोलली, आणि बोलून माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, सुटले. पण बाईमाणसाच्या साक्षीवर आमचे पंच उठत नसत. त्यांनी बाबाला पुढे बोलावलं आणि नदीच्या पाण्याचा गडू मागवला. ढिवराची शपथ पाण्यावर असते. ओंजळीत नदी घेऊन खोटं बोललं तर नदी घरातलं एक माणूस नेते, असं मानतात. बाबा रोज नदीवर, आई रोज घाटावर, आणि धाकटी अजून रांगतही नव्हती.

त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. "उंबऱ्याच्या आत पोरगी कशी आली?"

तो पाण्याकडेच बघत होता. बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं.

"घाटापासून मीनं आनली खांद्यावर," तो म्हणाला. "उंबऱ्यापाशी खाली ठेवलं. पाय धुवाले. आत थे आपल्या पायानं गेली."

म्हातारीनं तिथंच कपाळ बडवून घेतलं. निवाडा व्हायला फार वेळ लागला नाही.

त्या माणसाचा मला जो राग आला, तो सांगायला मी पुढची कितीतरी वर्षं शब्द शोधत होते. एक वाक्य! म्हातारीला जमलं ते याला जमलं नाही. नदीची भीती वाटली, मान्य आहे. पण माझी कुणाला भीती नव्हती, म्हणून मीच जायचं, असा त्याचा अर्थ मी लावला. आजही तो पूर्ण चुकीचा होता असं मला वाटत नाही.

नदी ओलांडायची तर डोंगा त्याचाच. दुसऱ्या दिवशी त्यानंच मला आणि काकाला पलीकडे सोडलं. आई घाटावर आली नाही. म्हातारीनं तिला घरात धरून ठेवलं होतं. पलीकडच्या काठालाही दगड तसेच शेवाळलेले. तो उतरला आणि सवयीनं माझ्यासमोर पाठ करून वाकला. मी त्याला वळसा घालून उतरले आणि माझ्या पायांनी गेले. दोनदा घसरले, गुडघा फुटला. मागं वळून पाहिलं नाही. काकानं मात्र पाहिलं, आणि म्हणाला, "तो अजून वाकूनच हाय."

काकाच्या घरचं लिहिण्यासारखं फार नाही. भांडी, पाणी, काकूचं अंथरूण, लेकरं. त्या लेकरांतल्या थोरलीला शाळेत बसवलं की ती रडून शाळा डोक्यावर घ्यायची, म्हणून मला तिच्या शेजारी बसवलं. तिनं पुढं शाळा सोडली, मी बसूनच राहिले. माझं शिक्षण असं झालं. मास्तरीण झाले, त्याचं श्रेय एका रडक्या पोरीला.

मधल्या काळात आईची भेट व्हायची, जत्रेला, कुणाच्या लग्नात. ती धाकटीला घेऊन यायची. धाकटी मला बघून आईच्या लुगड्याआड लपायची. पहिल्या वर्षी माझ्याकडे झेपावलेली ती नंतर मला ओळखेनाशी झाली. आई गेली त्या साली नदीला पूर होता. निरोप उशिरा पोचला आणि मी त्याहून उशिरा. बाबाशी मी त्या वेळीही बोलले नाही. म्हातारी तर आईच्या आधीच गेली होती.

मग पुष्कळ वर्षांनी, माझे केस पांढरे व्हायला लागल्यावर, भूगोलाचं नवं पुस्तक आलं आणि ते शिकवायचं कसं हे सांगायला आम्हाला तालुक्याला बोलावलं. जमीन सरकते हे आता सगळे मानत होते. त्याला हसणारं कुणी उरलं नव्हतं. शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकानं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. समुद्राचा तळ डोळ्यांना दिसणार नाही इतक्या हळू सरकत असतो, आणि काही ठिकाणी मोठ्या भूखंडाच्या काठाशी आला की वाकून त्याच्या खाली जातो. तो जड असतो म्हणून बुडतो. पण त्याच्या पाठीवर हलक्या खडकांचे तुकडे असतात. कुठं ज्वालामुखीचं बेट, कुठं एखाद्या दुसऱ्याच खंडाचा तुटलेला लचका. ते बुडत नाहीत. तळ खाली निघून जातो आणि हे काठाशी खरवडले जाऊन अडकतात, चुरगळतात, त्यांना घड्या पडतात. पुढे कधी खोलातून वितळलेला खडक वर येतो, दोन्हींमध्ये शिरतो आणि थिजतो. तो एकच खडक जोडाच्या दोन्ही बाजूंना सापडला की समजायचं, तोपर्यंत हे एक झाले होते. मला धाकटीचे कान आणि हनुवटी आठवली. उपमा मला आवडत नाहीत, पण आठवली त्याला काय करणार?

मग तो म्हणाला, लांब कशाला जाता, तुमच्याच नदीचं घ्या. बस्तरकडचा जुना भूखंड आणि तेलंगणाकडचा, हे एके काळी वेगळे होते. या खोऱ्याखाली कुठं तरी ते एकमेकांना जोडले गेले, असं अभ्यासक मानतात. कधी, यावर त्यांचं एकमत नाही. आणि फार काळानं जमीन ताणली गेली तेव्हा फट पडली ती या जोडाच्याच रेघेनं. त्या फटीत वाळू साचली, जंगलं गाडली गेली, कोळसा झाला, सिरोंच्याकडची झाडं दगड झाली. "जोड जुना झाला तरी कच्चाच राहतो," तो म्हणाला. "मात्र फाटताना नेमकं शिवणीवर फाटत नाही. याचा थोडा भाग त्याच्याकडे राहून जातो."

मी हात वर केला. चाळीस मास्तरांत एकटी बाई. मी विचारलं, "हे तुकडे येतात ते स्वतःहून येतात का?"

"नाही बाई," तो म्हणाला. "तुकडा स्वतः चालत नाही. खालचा तळ त्याला वाहून आणतो. प्रत्येक तुकडा वाहूनच आणलेला असतो."

बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. माझ्या डोळ्यांपुढे अक्षरं दिसेनात. मला त्या मोहाच्या झाडाखाली जाऊन पंचांना हे ऐकवायचं होतं. पण पंच मेले, झाडही तुटलं असेल.

त्या उन्हाळ्यात मी नदीपलीकडे गेले. आता पूल होता. बाबा छपरीत बाजेवर पडलेला, डोळ्यांत मोतीबिंदू, हात जाळ्याविना नुसते चादरीवर फिरणारे. धाकटीनं मला बसायला पाट दिला, पाहुणीला देतात तसा. मी त्याच्या जवळ जाऊन उभी राहिले. काय हाक मारावी सुचेना. मी खोकले.

त्याचे हात थांबले. "खोकला लागला का व?" तो म्हणाला.

इतक्या वर्षांचं बोलायचं सोडून मी त्याला भूगोलच सांगत बसले. टोपीवाला माणूस आठवतो का, विचारलं. आठवत होता. जमीन सरकते हे खरं निघालं, बाबा. तुकडे समुद्रातून येतात आणि मोठ्या जमिनीला लागतात. आपल्या नदीखालीसुद्धा असा जोड आहे. आणि त्यातला एकही तुकडा आपल्या पायांनी येत नाही. सगळे उचलून आणलेले असतात. हे शेवटचं मी दोनदा सांगितलं, कारण तेवढ्यासाठीच मी गेले होते. त्याला बरं वाटावं असं मला मनापासून वाटत होतं.

त्यानं डोळे मिटले. झोप लागली असं मला वाटलं.

"आन्‌ जमिनीपाशी आल्यावर?" त्यानं विचारलं. "पाय धुवाले त्याईले कोनी खाली ठेवते का?"

"नाही बाबा," मी म्हणाले. "तिथं कुणीच खाली ठेवत नाही."

"बेस हाय," तो म्हणाला, आणि त्यानं तोंड भिंतीकडे केलं.